चालू संगणकाला प्रोजेक्टरची किंवा मॉनिटरची केबल जोडताना आणि काढताना कोणती काळजी घ्यावी?

खाडीकाठचा शिक्षक:

नमस्कार. देवगड तालुक्यातील किनाऱ्यालगतच्या एका माध्यमिक शाळेत मी विज्ञान शिकवतो आणि संगणक कक्षाची जबाबदारीही माझ्याकडेच आहे. कक्षात व्हीजीए केबलवर चालणारे काही जुने डेस्कटॉप, एचडीएमआय असलेले लॅपटॉप आणि छताला टांगलेला एकच प्रोजेक्टर आहे. प्रोजेक्टर एकच असल्यामुळे त्याची केबल दिवसभर या संगणकावरून त्या संगणकाला लावावी लागते, आणि दर वेळी सगळी यंत्रे बंद करून पुन्हा सुरू करायची म्हटले तर तासिकेचा बराचसा वेळ त्यातच जातो.

आमच्याकडे यावर दोन मते आहेत. काहींच्या मते चालू यंत्राला कोणतीही केबल लावणे म्हणजे यंत्राचा घात करणे होय. इतरांचे म्हणणे असे की, घरोघरी लोक चालू टीव्हीलाच केबल लावतात आणि त्यांचे काही बिघडत नाही. हा वाद एरवी मी बाजूला ठेवला असता. परंतु गेल्या एप्रिलमध्ये एका सहकाऱ्यांच्या लॅपटॉपला एचडीएमआय केबल लावली जात असताना सॉकेटच्या धातूच्या कडेपाशी बारीकशी ठिणगी उडालेली मी स्वतः पाहिली. लॅपटॉप चालूच राहिला, पण त्यानंतर त्याच्या एचडीएमआयमधून चित्र कधीच आले नाही. दुरुस्तीच्या दुकानात ‘चालू असताना केबल लावलीत म्हणून पोर्ट गेला, आता मदरबोर्डच बदलावा लागेल’ एवढेच उत्तर मिळाले. मला ते अपुरे वाटते. केबल चालू यंत्राला लावणे मुळात चूक आहे का, ठिणगी कशामुळे पडली, आणि कक्षाच्या भिंतीवर मुलांसाठी कोणते नियम लिहून लावावेत, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

सुरूबन:

गुरुजी, प्रश्न नेमका विचारलात. दुकानदाराचे उत्तर का अपुरे आहे, ते आधी मानकांच्या बाजूने पाहू.

व्हीजीए ही जोडणी आयबीएमने १९८७ साली पीएस/२ संगणकांबरोबर आणली. तिच्यातून लाल, हिरवा आणि निळा असे तीन ॲनालॉग संकेत जातात आणि त्यांचा दाब ०.७ व्होल्टपर्यंत असतो. मॉनिटर जोडला गेला किंवा काढला गेला हे संगणकाला कळवण्यासाठी तिच्या १५ पिनांपैकी एकही पिन राखून ठेवलेली नाही. म्हणजे चालू अवस्थेत केबल काढघाल होईल असे गृहीत धरून ती जोडणी रचलेलीच नव्हती. प्रत्यक्षात लोक ती सर्रास चालू यंत्राला लावतात आणि बहुतेक वेळा काही होत नाही, हे खरे असले तरी त्यामागे मानकाची हमी नाही. म्हणून जुन्या डेस्कटॉपांच्या बाबतीत दोन्हींपैकी निदान एक यंत्र बंद असताना केबल लावावी, या मताचा मी आहे.

पुढच्या जोडण्यांची गोष्ट वेगळी आहे. १९९९ च्या डीव्हीआयमध्ये १६ व्या क्रमांकाची पिन केवळ ‘समोर मॉनिटर आला’ हे कळवण्यासाठी ठेवली गेली. २००२ च्या डिसेंबरमध्ये एचडीएमआयची पहिली आवृत्ती आली, आणि तिच्यात हेच काम १९ व्या पिनेकडे आहे. संगणक १८ व्या पिनेवरून ५ व्होल्ट पुरवतो, समोरचे यंत्र १९ व्या पिनेवरून आपली हजेरी लावते, आणि मग संगणक त्या यंत्राच्या स्मृतीतून त्याचे नाव, आकारमान व त्याला चालणारी रेझोल्यूशने वाचून घेतो. केबल लावल्यावर चित्र उमटायला जो एक-दोन क्षणांचा वेळ लागतो, त्यात हीच बोलणी चाललेली असतात. २००६ साली व्हेसा या पडद्यांची मानके ठरवणाऱ्या संस्थेने आणलेल्या डिस्प्लेपोर्टमध्येही अशी पिन आहे, आणि टाइप-सी मधून जाणाऱ्या चित्रासाठीही तशीच सोय आहे.

एचडीएमआयच्या मानकाने टेकण्याचा क्रमसुद्धा ठरवून दिला आहे. सर्वांत आधी बाहेरचे धातूचे कवच टेकते, मग संकेतांच्या पिना, आणि ५ व्होल्टची पिन शेवटी. भिंतीतल्या थ्री पिन प्लगची अर्थची पिन जाड आणि लांब ठेवण्यामागे जो विचार आहे, तोच इथेही आहे: धोक्याचे काही घडण्याआधी दोन्हीकडची जमीन एक व्हावी. तेव्हा चालू लॅपटॉपला एचडीएमआय लावणे ही चूक नव्हे. तुमच्या लॅपटॉपचा पोर्ट दुसऱ्याच कारणाने गेला असावा, आणि ते कारण बहुधा भिंतीतल्या सॉकेटमध्ये सापडेल.

गुहागरचा वायरमन:

सुरूबन यांनी बोट योग्य ठिकाणी ठेवले आहे. मी विजेच्या फिटिंगची कामे करतो, म्हणून त्या बाजूचे सविस्तर लिहितो.

ठिणगी धातूच्या कडेपाशी पडली, ही गुरुजींनी दिलेली माहिती फार महत्त्वाची आहे. एचडीएमआयच्या संकेतांचा चढउतार साधारण अर्ध्या व्होल्टचा असतो आणि त्यातून डोळ्यांना दिसणारी ठिणगी पडत नाही. ठिणगी पडली ती लॅपटॉप आणि प्रोजेक्टर यांच्या अंगांमध्ये असलेल्या व्होल्टेजच्या फरकामुळे.

हा फरक कुठून येतो ते सांगतो. थ्री पिनवर चालणाऱ्या जवळजवळ प्रत्येक पॉवर सप्लायमध्ये गोंगाट गाळण्यासाठी फेज आणि अर्थ यांच्यामध्ये एक, तर न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये दुसरा असे लहानसे कपॅसिटर बसवलेले असतात. अर्थ शाबूत असेल तर त्यांच्यातून झिरपणारा अगदी थोडा प्रवाह जमिनीत निघून जातो आणि कोणाला काही जाणवत नाही. अर्थ कुठेतरी तुटलेला असेल, तर मात्र हेच दोन कपॅसिटर २३० व्होल्टची निम्मी निम्मी वाटणी करतात आणि यंत्राच्या अंगावर ११५ व्होल्टच्या आसपास दाब उभा राहतो. संगणकाच्या पेटीला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, टेस्टर लावला की मंद पेटतो, आणि घरातले लोक ‘पेटी थोडी मारते’ म्हणून सोडून देतात. टू पिनच्या लॅपटॉप चार्जरमध्येही आतल्या एका कपॅसिटरमुळे असाच प्रकार होतो. त्याला तर अर्थची पिनच नसते.

झिणझिण्यांचा हा प्रवाह मिलिॲम्पिअरच्या लहानशा अंशाएवढा असतो, त्यामुळे माणसाला सहसा इजा होत नाही. परंतु काही व्होल्टच्या पलीकडचे काही सोसण्यासाठी न घडवलेल्या चिपला एवढासा साठलेला भारही पुरतो. केबल टेकताक्षणी तो भार एकदम वाट शोधतो. ती वाट कवचातून मिळाली, तर ठिणगी पडते आणि विषय तिथेच मिटतो. केबल तिरकी शिरली, कवच सैल झालेले असले किंवा त्याच्यावर गंज चढलेला असला आणि एखादी पिन आधी टेकली, तर तो सगळा भार चिपमधून जातो आणि पोर्ट मरतो.

आता आपल्याकडची गोष्ट. सड्यावर, कातळावर बांधलेल्या इमारतींना चांगला अर्थ मिळणे मुळातच कठीण असते. जांभ्यात खड्डा खणून कोळसा आणि मीठ भरून पाइप पुरला तरी मार्च ते मे या महिन्यांत तिथली ओल पार निघून जाते आणि जमिनीचा विरोध वाढतो. किनाऱ्यालगत त्यात भर म्हणजे खाऱ्या हवेने पाइपाला बांधलेली तार जोडाशीच खाल्ली जाते. वरून पाहिले तर तार जागेवर दिसते, हाताने हलवली की सुटून येते. ठिणगी एप्रिलमध्ये पडली याचे मला म्हणूनच आश्चर्य वाटत नाही.

गुरुजी, एक विनंती आहे. तुमच्याकडे मल्टिमीटर असणार. तो एसी व्होल्टवर ठेवून, केबल न लावता, लॅपटॉपच्या पोर्टच्या धातूच्या कडेपासून प्रोजेक्टरच्या पोर्टच्या कडेपर्यंत किती व्होल्ट येतात ते मोजून इथे लिहावे. सॉकेटच्या आत मात्र काही मोजायला जाऊ नये, ते काम शाळेच्या वायरमनकडून करून घ्यावे.

भरतीरेषा:

चर्चा वाचली. मी रत्नागिरीत एका कार्यालयात संगणकांची देखभाल करतो. सभागृहातल्या पडद्याला रोज कोणाचा ना कोणाचा लॅपटॉप लागतो, सगळे चालू असतानाच लागतो, आणि आजवर एकही पोर्ट गेल्याचे माझ्या पाहण्यात नाही. त्यामुळे या भीतीला फारसा आधार आहे असे मला वाटत नाही. लोकांनी यंत्रे उगाच बंद-चालू करत बसू नये.

गुहागरचा वायरमन:

भरतीरेषा, तुमच्या अनुभवाबद्दल मला शंका नाही, आणि तो माझ्या म्हणण्याच्या विरोधातही जात नाही. तुमच्या सभागृहात पडदा आणि टेबलावरचे सॉकेट हे बहुधा एकाच बोर्डावरून, एकाच चांगल्या अर्थवर असतील. दोन्ही यंत्रांचे अंग एकाच पातळीवर असेल, तर ठिणगी पडायला फरकच उरत नाही. गावातल्या शाळेत, समाजमंदिरात किंवा ग्रामपंचायतीच्या सभागृहात प्रोजेक्टर एका बोर्डावरून, लॅपटॉप दुसऱ्या भिंतीवरून आणि ध्वनिक्षेपक तिसरीकडून चालतो. एखादा जनरेटर असला तर त्याचा अर्थ बहुतेक वेळा ठोकलेलाच नसतो. मानक दोन्हीकडे एकच आहे, जमीन वेगवेगळी आहे.

खाडीकाठचा शिक्षक:

आज शाळा सुटल्यावर मोजमाप केले. लॅपटॉपचा थ्री पिन चार्जर टेबलाजवळच्या भिंतीतल्या सॉकेटला लावलेला होता, प्रोजेक्टर नेहमीप्रमाणे छताजवळच्या एक्स्टेंशन बोर्डावर होता. दोन्ही कडांमध्ये मीटरने १०० व्होल्टच्या जवळपासचा आकडा दाखवला. लॅपटॉपचा चार्जर काढून तो केवळ बॅटरीवर चालवला, तेव्हा आकडा काही व्होल्टांपर्यंत खाली आला.

त्यानंतर शाळेच्या वायरमननी मेन स्विच बंद करून एक्स्टेंशन बोर्ड उघडला. वरून तीन छिद्रांचे सॉकेट, पण आत येणारी वायर दोनच तारांची! अर्थच्या पितळी पट्टीवरचा स्क्रू कारखान्यातून आला तसाच कोरा होता, त्याच्याखाली तार कधी अडकवलीच गेली नव्हती. म्हणजे छताला टांगल्या दिवसापासून प्रोजेक्टरला अर्थ मिळालेला नाही, आणि मुले खाली बाकांवर बसून त्याच्या केबली हाताळत आली आहेत. हे पाहून मी खरोखर अस्वस्थ झालो. पुढे काय करावे?

गुहागरचा वायरमन:

मोजून लिहिलेत, हे फार चांगले केले. तो बोर्ड आजच काढून टाकावा. त्याच्या जागी भिंतीतून तीन तारा आणून प्रोजेक्टरसाठी स्वतंत्र सॉकेट बसवून घ्यावे, आणि जमल्यास शिक्षकांच्या टेबलावरचे सॉकेटही त्याच बोर्डावरून द्यावे, म्हणजे दोन्ही यंत्रांचा अर्थ एकच राहील. कक्षाच्या मेन लाइनवर ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे प्रवाहाची गळती होताच वीज तोडणारा स्विच, नसेल तर तोही बसवावा. प्रोजेक्टरच्या आत उद्या इन्सुलेशन खराब झाले आणि फेज अंगाला टेकला, तर झिणझिण्यांवर भागणार नाही. तिथे जिवाचा प्रश्न आहे, केबल आणि पोर्ट ही त्यापुढे किरकोळ बाब आहे. इमारतीचा अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात तपासून घ्यावा, पावसाळ्यात नव्हे. जुलैमध्ये कातळसुद्धा चांगले आकडे दाखवतो. तारेचा जोड खड्ड्याच्या चौकटीत सहज दिसेल असा ठेवावा आणि वर्षाला निदान एकदा घासून पुन्हा आवळावा. प्लगची अर्थची पिन तुटलेली किंवा कोणी मुद्दाम तोडलेली आहे का, तेही एकदा सगळ्या यंत्रांचे पाहून घ्यावे.

हे होईपर्यंत लॅपटॉपच्या बाबतीत असे करावे: चार्जर काढावा, बॅटरीवर असताना केबल लावावी, कवच घट्ट बसल्यावर मग चार्जर लावावा. काढताना उलट, म्हणजे आधी चार्जर आणि मग केबल. डेस्कटॉपला बॅटरी नसल्यामुळे तिथे प्रोजेक्टरचा प्लग सॉकेटमधून बाहेर काढूनच केबल लावावी. नुसते बटण बंद करून भागत नाही, कारण जुन्या फिटिंगमध्ये बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेले पुष्कळदा आढळते, आणि तसे असेल तर बटण बंद असतानाही अंगावर व्होल्टेज राहते.

कातळसडा:

विजेचे बोलणे झाले, आता हाताने होणाऱ्या नुकसानीबद्दल लिहितो. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या पोर्टांपैकी बरेचसे झटक्याने ओढल्यामुळे आलेले असतात.

डिस्प्लेपोर्टच्या मोठ्या प्लगला बहुधा दोन बारीक आकडे असतात, आणि ते सोडवण्यासाठी वर एक दाबणी असते. ती न दाबता केबल ओढली तर सॉकेट मदरबोर्डावरून उखडते. मॉनिटरच्या मागे हात घालून अंधारात ओढणाऱ्यांना ही दाबणी लक्षातच येत नाही. व्हीजीएच्या बाजूचे दोन्ही स्क्रू हाताने, आळीपाळीने, थोडे थोडे सोडवावेत. एकच स्क्रू पूर्ण काढून प्लग तिरका ओढला की मधल्या पिना वाकतात. स्क्रू जाम झालेला असेल तर त्याच्याबरोबर संगणकाच्या बाजूची षटकोनी नटही फिरून बाहेर येते. अशा वेळी ती नट आधी पुन्हा घट्ट बसवावी. आणि व्हीजीए प्लगमध्ये मधल्या ओळीतली ९ व्या क्रमांकाची पिन दिसली नाही तर केबल तुटली असे समजून ती फेकू नये. अनेक केबली त्या पिनेवाचूनच येतात आणि चित्रासाठी तिची गरज नसते.

लॅपटॉपच्या एचडीएमआय पोर्टवर लांब, जाड केबलचा भार लटकत ठेवू नये. गुरुजींच्या कक्षासाठी माझी सूचना अशी आहे की, मुख्य केबल कायमची बसवून तिच्या टोकाला वीतभर लांबीची एक्स्टेंशन केबल जोडून ठेवावी. रोजची काढघाल त्या तुकड्याने सोसावी आणि तो सैल झाला की बदलावा. त्याहून बरे म्हणजे एचडीएमआयचा साधा स्विच घ्यावा. दोन-तीन संगणक त्याला कायमचे जोडलेले राहतात आणि बटण दाबून प्रोजेक्टर कोणाला द्यायचा ते ठरते. तासिकेत केबल हाताळावीच लागत नाही. छतापर्यंतचे अंतर जास्त म्हणून ऑप्टिकल एचडीएमआय घेणार असाल, तर तिचे एक टोक संगणकासाठी आणि दुसरे प्रोजेक्टरसाठी ठरलेले असते. उलटी ओढली गेली तर चित्र येत नाही आणि पाइपातून पुन्हा सगळी काढावी लागते.

डिस्प्लेपोर्टचा आणखी एक बारकावा आहे. २० व्या पिनेवर ३.३ व्होल्टची वीज असते आणि ती दोन्ही बाजूंच्या यंत्रांत असते, म्हणून दोन टोकांना जोडणाऱ्या साध्या केबलमध्ये ती पिन जोडलेली असू नये, असा मानकाचा दंडक आहे. काही स्वस्त केबलींत ती जोडलेली सापडते. मग मॉनिटरची वीज संगणकात उलटी शिरते, संगणक बंद करूनही ग्राफिक्स कार्ड अर्धवट जागे राहते आणि कधीकधी संगणक सुरूच होत नाही. केबल काढल्यावर संगणक नीट सुरू होतो असा अनुभव आला, तर मदरबोर्डाला दोष देण्याआधी केबल बदलून पाहावी.

परतीचा पाऊस:

मी अलिबागजवळ राहतो. या चर्चेत केबल टीव्हीच्या वायरचा उल्लेख झाला नाही, तो व्हायला हवा. माडा-पोफळींवरून ओढत आणलेली ती वायर सेट टॉप बॉक्समध्ये शिरते, बॉक्सची एचडीएमआय टीव्हीत जाते, आणि तोच टीव्ही अनेक घरांत संगणकाचाही मॉनिटर असतो. कुठे दूरवर वीज पडली तरी त्या वायरच्या जाळीवरून झटका येतो आणि एचडीएमआयमधून पुढच्या यंत्रात जातो. आमच्या वाडीत असे घडले तेव्हा टीव्ही, बॉक्स आणि संगणक यांचे फक्त एचडीएमआय पोर्ट गेले, बाकीचे भाग चालू राहिले. विजेच्या बाजूने सर्ज प्रोटेक्टर होता, त्याचा उपयोग झाला नाही, कारण झटका त्या बाजूने आलाच नव्हता.

कोकणात मे महिन्याच्या अखेरचे वळीव आणि ऑक्टोबरचा परतीचा पाऊस हे दोन्ही काळ गडगडाटाचे. मळभ दाटू लागले की प्लग आणि बाहेरून येणारी वायर अशा दोन्ही गोष्टी काढून ठेवाव्यात. कडकडाट सुरू झाल्यावर मात्र केबलींना हात लावायला जाऊ नये.

पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरींबद्दलही सांगतो, कारण जुन्या बॉक्सना आणि ध्वनिक्षेपकांना त्या अजून असतात. त्या प्लगमध्ये मधली संकेताची पिन आधी टेकते आणि बाहेरचे जमिनीचे कडे नंतर, म्हणजे एचडीएमआयच्या अगदी उलट. स्पीकरमध्ये जो मोठा गुरगुराट येतो तो त्यामुळेच. या वायरी दोन्ही यंत्रे बंद असतानाच लावाव्यात.

पोफळबाग:

वेंगुर्ल्याहून लिहिते आहे. आमच्याकडे पोर्ट जळण्यापेक्षा खराब होण्याचे प्रमाण जास्त आहे, आणि त्याला खारी हवा कारणीभूत आहे. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की धातूवर बसलेला मिठाचा सूक्ष्म थर हवेतले पाणी ओढून स्वतःच ओला होतो. पावसाळ्यात तर ही स्थिती दिवसचे दिवस असते. पिनांवरचा सोन्याचा मुलामा इतका पातळ असतो की वारंवारच्या काढघालीने तो झिजतो आणि खालच्या तांब्यावर हिरवट थर येतो. चित्र लुकलुकते, रंग जातात, केबल हलवली की परत येतात, आणि मग माणूस चालू यंत्राची केबल पुन्हा पुन्हा काढून लावत बसतो.

सफाई करताना यंत्र बंद करून प्लग काढावा, लॅपटॉप असेल तर तो पूर्ण बंद करावा, मऊ ब्रशाला थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून केबलचे टोक आणि पोर्टाचे तोंड हलकेच पुसावे, आणि पूर्ण वाळल्याशिवाय जोडू नये. टाचणी, सुई किंवा सेफ्टी पिन आत घालू नये.

मे महिन्याच्या सुट्टीनंतर शाळेतली यंत्रे लावण्याआधी प्रत्येक पोर्टात टॉर्च मारून पाहावे, असेही मी सुचवते. कुंभारीण माशी अशा भोकांत मातीचे घर करते. एका बालवाडीच्या टीव्हीचा एचडीएमआय पोर्ट मी पाहिला, तो कडेपर्यंत लाल मातीने लिंपलेला होता आणि वरून टोपणासारखा गुळगुळीत केलेला होता. तशात कोणी केबल जोराने दाबली असती तर आतली जीभ मोडली असती. रिकाम्या पोर्टांना रबरी टोपणे मिळतात, ती लावावीत.

दापोलीचा विद्यार्थी:

सर्वांचे प्रतिसाद वाचले, खूप शिकायला मिळाले. माझी एक शंका आहे. पेन ड्राइव्ह काढण्याआधी संगणकाला सांगावे लागते, तसे प्रोजेक्टरची केबल काढण्याआधी काही करावे लागते का? काम जतन केलेले नसेल तर ते जाते का?

सुरूबन:

नाही. पेन ड्राइव्हवर माहिती लिहिली जात असते, मॉनिटरकडे फक्त चित्र जाते. केबल काढल्याने तुमची फाइल बिघडत नाही. तरी विंडोजमध्ये विंडो कळ आणि पी एकत्र दाबून ‘फक्त संगणकाचा पडदा’ हा पर्याय आधी निवडला तर प्रोजेक्टरवर उघडलेल्या खिडक्या परत आपल्या पडद्यावर येतात आणि शोधत बसावे लागत नाही. पडदा काळाच राहिला तर विंडो, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या कळा एकत्र दाबून पाहाव्यात. त्याने ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो आणि उघडी कामे तशीच राहतात. केबल काढून पुन्हा लावायची झाली तर मध्ये काही सेकंद थांबावे. दोन्ही यंत्रांची बोलणी अर्ध्यावर असताना ती परत तोडली, तर कधीकधी दोन्हीही एकमेकांची वाट पाहत राहतात. व्हीजीएला हजेरीची पिन नसल्यामुळे तिथे डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन ‘शोधा’ म्हणावे लागू शकते, ते यंत्र बिघडल्याचे लक्षण नव्हे.

खाडीकाठचा शिक्षक:

सर्वांचे मनापासून आभार. नवीन सॉकेटचे काम शाळा समितीने मंजूर केले आहे आणि एचडीएमआयचा स्विचही मागवला आहे. भिंतीवर लावण्यासाठी पुढील मजकूर लिहिला आहे, कृपया तपासावा.

‘केबल लावण्याआधी पोर्टात पाहावे. लॅपटॉपचा चार्जर काढून मगच केबल लावावी. जुन्या डेस्कटॉपला केबल लावताना प्रोजेक्टरचा प्लग काढावा. केबलचे टोक सरळ धरून लावावे व काढावे, वायर धरून ओढू नये. कोणत्याही यंत्राला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर लगेच शिक्षकांना सांगावे. ढगांचा गडगडाट होत असताना केबलींना हात लावू नये.’

सॉकेट बदलल्यावर चार्जरचा नियम काढून टाकला तरी चालेल का?

गुहागरचा वायरमन:

मजकूर चांगला आहे. झिणझिण्यांची ओळ सर्वांत वर आणि मोठ्या अक्षरांत घ्यावी. सॉकेट बदलल्यावर पुन्हा मीटर लावावा; दोन्ही कडांमधला आकडा एक-दोन व्होल्टच्या आत आला तर थ्री पिन चार्जरच्या लॅपटॉपसाठी तो नियम शिथिल करता येईल. पाहुणे म्हणून येणाऱ्या लॅपटॉपांचे चार्जर पुष्कळदा टू पिनचे असतात, त्यांच्यासाठी तो तसाच ठेवावा.

कातळसडा:

प्रोजेक्टरचा प्लग काढण्याच्या ओळीत एक दुरुस्ती आवश्यक आहे. तुमचा प्रोजेक्टर दिव्याचा असेल, तर रिमोटने बंद केल्यावर त्याचा पंखा काही वेळ फिरत राहतो आणि दिवा थंड करतो. तो थांबण्याआधी प्लग ओढला तर दिव्याचे आयुष्य कमी होते. म्हणून ‘पंखा थांबल्यावर प्लग काढावा’ असे लिहावे, आणि डेस्कटॉपची केबल तासिकेच्या मध्ये न बदलता सकाळी प्रोजेक्टर सुरू करण्याआधीच लावून ठेवावी.

खाडीकाठचा शिक्षक:

प्रोजेक्टर दिव्याचाच आहे. दोन्ही दुरुस्त्या केल्या आहेत, आणि सोमवारी तक्ता लागेल. सॉकेटचे काम झाल्यावर मीटरचा नवा आकडा याच धाग्यावर लिहितो.